कुडाळ एमआयडीसीतलं लेझर-बेंडिंगचं जॉबवर्क, 5 पैकी 4 स्टार

काजू ड्रायरच्या ट्रॉलीसाठी 2 मिमी एसएस 304 (स्टेनलेस स्टील) पत्र्याचे कप्पे लेझरने कापून, वाकवून घ्यायचे होते. आधी दुसऱ्या एका ठिकाणी केले तर प्रत्येक कप्पा रुंदीला जवळपास 3 मिमी जास्त, ट्रॉलीत जाईचना. मी त्यांना फोनवर बरंच काय काय बोललो, पण खरं सांगायचं तर घोळ माझ्याच ड्रॉइंगमध्ये होता. फक्त फाइल घेताना त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही एवढाच राग.

मग इकडे आलो. इथल्या काकांनी फाइल उघडलीच नाही, पहिला प्रश्न, "आतला रेडियस किती धरलंस?" म्हणजे वाकलेल्या कोपऱ्याची आतली गोलाई. मी म्हटलं 2, के फॅक्टर (वाकवताना ज्या थराची लांबी बदलत नाही तो आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे ते) 0.5. काका हसले. "आदी पट्टी वाकवून बघूया, मगे तुझी फाइल."

त्याच पत्र्याची 100 मिमी पट्टी कापली, प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायचं मशीन) 16 मिमी खाचेच्या व्ही डायवर (पत्र्याखालचा साचा) मधोमध 90 अंशात वाकवली आणि दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजल्या. बेरीज 104. म्हणजे सपाट पत्रा कापताना बाहेरच्या मापांच्या बेरजेतून एका बेंडला 4 मिमी वजा करायचे आणि माझ्या हिशोबात वजा होत होते फक्त 3.29. कप्प्याला एका दिशेत चार बेंड, प्रत्येक बेंडला पाऊण मिमीच्या आसपास जास्त, आणि ऑपरेटर गेज लावून काठ नि बाजू बरोबर मापात वाकवतो त्यामुळे सगळी चूक जाऊन बसते मधल्या तळात. हे कळायला मला एक अख्खी लॉट भंगारात घालावी लागली राव.

आतला रेडियस गेजने बघितला तर 3.2 च्या आसपास. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा खाचेच्या तळाला न टेकवता वाकवणं) तो पंचाच्या, म्हणजे वरून दाबणाऱ्या साच्याच्या, टोकावर कमी आणि डायच्या खाचेवर जास्त ठरतो, एसएसला साधारण खाचेच्या 20 टक्के, एमएसला (माइल्ड स्टील) 16. तो आकडा घालून उलटं गणित केलं तर के निघाला 0.44. आता सॉफ्टवेअरमध्ये हेच टाकतो, पण पत्र्याची जाडी किंवा डाय बदलला की परत पट्टी, तिथे आळस नाही.

नवीन कप्पे पहिल्याच फटक्यात बसले. झाकणाला मला 8 मिमीचा काठ हवा होता तर काकांनी सरळ नाही सांगितलं, 16 च्या खाचेत एवढा काठ टेकतच नाही, आत घसरतो, निदान 12 तरी दे. दिला.

एक स्टार का कापला? ओरखडे टाळायची प्लास्टिक फिल्म न लावता वाकवलं म्हणून दोन कप्प्यांवर डायचे ओरखडे आले, आणि फोन कधीच उचलत नाहीत. चतुर्थीच्या आधी काम देऊ नका, सगळे गणपतीला घरी. जायचं तर सकाळी जा, पावसात दुपारी लाईट गेली की मशीन बंद आणि काका समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेले सापडतील.