नव्या गाडीचा पिकअप कमी, ॲव्हरेजही कमी: थांबायचं, शोरूमला न्यायची, बाहेर दाखवायची की रिमॅप?

गाडी नवी आहे, आवाज नाही, डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही. तरी साध्या चढाला दुसरा गिअर मागते आणि शहरात लिटरला अकरा-बाराच्या वर जात नाही. अशा वेळी सल्ल्यांची कमतरता नसते. एक जण म्हणतो, हजार-दोन हजार चालू दे, मोकळी होईल. दुसरा म्हणतो, वॉरंटीत आहे ना, मग शोरूमला ने. तिसऱ्याच्या ओळखीत मेकॅनिक असतो. आणि हल्ली एक चौथाही भेटतो, जो थेट रिमॅपवर, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्यावर, येतो. यातला कुठला सल्ला तुमच्या कामाचा, हे ठरवण्याआधी दोन तक्रारी वेगळ्या करून बघा.

ॲव्हरेज कमी पण गाडी पळते छान, असं असेल तर कारण बहुधा गाडीबाहेरच सापडतं: ट्रॅफिक, पेट्रोल, एसी, उजवा पाय. उलट पिकअप कमी पण ॲव्हरेज चांगलं, तर तो त्या गाडीचा स्वभाव असतो. १.२ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास खरं ओढायला लागतं. त्याला दोन हजारावर चौथ्यात चालवून 'दम नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स, असेल तर गिअर बदलताना ती क्षणभर श्वास घेणारच. पण दोन्ही तक्रारी एकदम आल्या, तर मात्र कान टवकारा. इंजिन नीट जाळत नाही, किंवा जाळून मिळालेली ताकद चाकापर्यंत पोचण्याआधी कुठेतरी वाया जाते आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

आता 'कमी' म्हणजे कशाच्या मानाने कमी? जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेत रोलरवर मोजलेला असतो. गाडी जागच्या जागी, एसी बंद, वेग ठरवून दिलेल्या आलेखाप्रमाणे वर-खाली आणि कमाल ताशी ९० किलोमीटर. त्यात नवले पुलाचा चढही नाही आणि हिंजवडीची संध्याकाळही नाही. २०२४च्या मॅन्युअल स्विफ्टचा आकडा २४.८ आहे. ऑफिसच्या वेळेला शहरात ती पंधरा-सोळा देत असेल, तर माझ्या मते ती धडधाकट आहे. माझा ठोकताळा असा: शहरात जाहिरातीच्या साठ-सत्तर टक्के, हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगाने ऐंशी टक्के किंवा वर. समृद्धीवर १२०ने जाऊन मोजू नका. ८०वरून ११०वर गेलं तरी हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो, १२०ला त्याहून जास्त.

इ-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर हल्ली सगळं खापर फुटतं, म्हणून त्याचाही हिशेब करू. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजे वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी घट सहा-सात टक्के धरलेली आहे आणि इ-२०साठी ट्यून केलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के. तुमची गाडी नवी आहे, म्हणजे ती दुसऱ्या गटातली. तरी वाईटातलं वाईट धरा: अठरा देणारी गाडी सतराच्या जरा खाली येईल. बारावर आली असेल तर कारण उसाच्या इथेनॉलमध्ये नाही.

मोजायचं कसं? डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो, त्यावर विसंबू नका. टाकी ऑटो-कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. एका वेळेवर निष्कर्ष काढू नका, दोन-तीनदा करा. पंपाचीच शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप पंपावर ठेवावंच लागतं, ते मागून मोजून घेता येतं.

पिकअपसाठी याहून सोपी आणि कितीतरी बोलकी चाचणी आहे. शोरूमची टेस्ट-ड्राइव्हची गाडी घ्या, पण तंतोतंत तुमचंच इंजिन आणि तुमचाच गिअरबॉक्स असलेली. त्याच मोकळ्या, सपाट रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून, एसी बंद ठेवून दोन्ही गाड्या तिसऱ्या गिअरमध्ये ४०वरून ८०वर न्या. वेळ शेजारी बसलेल्याने मोजायची. दोन्ही सारख्याच रेंगाळल्या तर तुमच्या गाडीत बिघाड नाही. गाडी निवडतानाच हिशेब चुकला, आणि त्यावर सर्व्हिस सेंटरकडे औषध नाही. तुमची ठळकपणे मागे पडली तर हातात पुरावा आला. हा पुरावा 'साहेब, गाडी ओढत नाही' या वाक्यापेक्षा कितीतरी जड पडतो.

कुठेही जाण्याआधी घरच्या घरी बघायच्या काही गोष्टी आहेत, आणि त्यातली पहिली ऐकून हसू येईल: मॅट. डिलिव्हरीच्या वेळी हौसेने बसवलेली जाड सेव्हन-डी मॅट ॲक्सिलरेटरखाली अशी फुगते की पेडल शेवटपर्यंत जातच नाही. मॅट काढून एकदा पेडल तळापर्यंत दाबून बघा. मग टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा खरा, पंपावरच्या पोऱ्याचा 'पस्तीस मारतो' हा नव्हे. हवा प्रत्येक पीएसआयने उतरली की ॲव्हरेज फार तर ०.२ टक्क्याने घटतं, त्यामुळे केवळ हवेने गाडी निम्म्यावर येत नाही. मोठे अलॉय आणि रुंद टायर टाकले असतील तर मात्र पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही खाली येतात. इको मोड चुकून चालू राहिला असेल तर ॲक्सिलरेटर सुस्त वाटतो. गाडी उघड्यावर, झाडाखाली उभी राहत असेल तर एअर फिल्टरचा डबा उघडून बघायला सांगा. उंदरांनी तिथे घर केल्याची उदाहरणं शेकड्याने सापडतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. रिमला हात लावण्याची घाई नको, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर ब्रेक सुटत नाही. हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी आपण होऊन सरकते का, हेही बघा. लागून राहिलेला ब्रेक दोन्ही तक्रारी एकदम देतो आणि स्कॅनरवर काहीही उमटत नाही. क्लच घसरत असेल तरी तसंच: आरपीएम चढतो, वेग मागून रमतगमत येतो. नव्या गाडीत हे क्वचित होतं, पण सतत हाफ-क्लचवर घाट चढणाऱ्याच्या बाबतीत नवं-जुनं फार काळ टिकत नाही.

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर चार वाटा उरतात.

थांबण्याची वाट पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरसाठी खरोखर योग्य आहे, दोन अटींवर. तक्रार पहिल्या दिवसापासून एकसारखी असावी किंवा हळूहळू कमी होत असावी, आणि पेटलेला दिवा, थरथर, पेट्रोलचा वास यातलं काही नसावं. पिस्टन रिंगा बसतात, बेअरिंग मोकळे होतात, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, तुमच्या पेट्रोलला आणि पायाला जुळवून घेतो. फरक पडतो, पण थोडा. अकरा देणारी गाडी 'मोकळी होऊन' सतरा द्यायला लागली, ही गोष्ट मी ऐकली पुष्कळ, मोजलेली मात्र पाहिली नाही. तक्रार एका विशिष्ट दिवशी किंवा विशिष्ट पंपावर पेट्रोल भरल्यावर सुरू झाली असेल, तर थांबण्यात काही अर्थ नाही.

डिझेलवाल्यांनी थांबण्याचा सल्ला वेगळा समजून घ्यावा. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या की त्यात काजळी साचते. ती जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल खर्च करते, आणि साठा वाढला की स्वतःच ताकद आवरते. इथे वाट बघितली तर प्रकरण बिघडतं. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर सलग वेगाने चालवावी लागते. रोजचा वापर कायम असाच राहणार असेल तर मुळात डिझेल का घेतलं, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल.

अधिकृत सर्व्हिस सेंटर की बाहेरचा मेकॅनिक, हा खरा सामना. कंपनीच्या स्कॅनरला गाडीची सगळी मॉड्यूल्स दिसतात, सॉफ्टवेअर अपडेट तिथेच मिळतं, एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत निघालेल्या दोषाची सूचना कंपनीकडून त्यांनाच येते, आणि पार्ट खराब निघाला तर खर्च कंपनीचा. वॉरंटीतल्या गाडीसाठी या सगळ्यासमोर बाहेरचा मेकॅनिक टिकत नाही. अडचण एकच, 'सगळं नॉर्मल आहे' हे उत्तर. मुद्दाम कोणी फसवतं असं नाही. सर्व्हिस ॲडव्हायझरच्या रांगेत वीस गाड्या असतात, दिवा पेटलेला नसला की स्कॅनवर काही येत नाही आणि गाडी धुऊन परत मिळते.

म्हणून जॉब कार्डवर 'पिकअप कमी' एवढंच लिहू देऊ नका. 'तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० याच मॉडेलच्या डेमो गाडीपेक्षा अमुक सेकंद जास्त. टाकी-ते-टाकी ॲव्हरेज अमुक. डावं मागचं चाक तापतं' असं लिहायला लावा. टेक्निशियनला शेजारी बसवून एक फेरी मारा. स्कॅनचा प्रिंट मागा, त्यात पेंडिंग कोडही, म्हणजे दिवा न पेटवता नोंदले गेलेले बिघाडही, हवेत. ॲव्हरेजची चाचणी करून देतो म्हणाले तर तुम्हीही गाडीत बसा. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये पन्नासने चालवून बावीस काढून दाखवणं अवघड नसतं, आणि त्यातून तुमच्या तक्रारीबद्दल काहीच कळत नाही. पहिल्या फेरीत उत्तर मिळालं नाही तर वर्कशॉप मॅनेजर, मग कंपनीचा एरिया प्रतिनिधी, आणि प्रत्येक वेळी नवं जॉब कार्ड.

बाहेरच्या माणसाचा किंवा स्वतःच्या स्कॅनरचा उपयोग मी फक्त वाचण्यापुरता करेन. हजाराच्या आसपास मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लावला की मोबाईलवर दोन आकडे बघण्यासारखे असतात. पहिला, कूलंटचं तापमान. इंजिन गरम झाल्यावर ते साधारण ८५ ते १००च्या दरम्यान हवं. अर्धा तास चालवूनही साठ-पासष्टलाच अडकलं असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह आवरणारी झडप, उघडाच राहिला असण्याची शक्यता आहे. इंजिन स्वतःला थंड समजून जास्त पेट्रोल ओढत राहतं. दुसरा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतो आहे तो आकडा. शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंत ठीक. अधिक (+) पंधरा-वीस असेल तर कुठून तरी हवा आत गळते आहे किंवा पेट्रोल कमी पोचतं आहे. तेवढंच उणे (-) असेल तर गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पिते आहे. स्क्रीनशॉट काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. कोड खोडू मात्र नका. कोडबरोबर तो कुठल्या वेगाला आणि कुठल्या तापमानाला आला ही नोंदही पुसली जाते, आणि तीच टेक्निशियनला हवी असते. बाहेर वायर कापणं, सेन्सर साफ करणं, थ्रॉटल बॉडी उघडणं हे वॉरंटी संपेपर्यंत नकोच.

चौथी वाट, रिमॅप. बिनटर्बोच्या लहान इंजिनात त्यातून फारसं हाती लागत नाही, टर्बोत लागतं, पण वॉरंटीच्या बदल्यात. शिवाय दोष असलेल्या गाडीवर रिमॅप केला की मूळ दोष झाकला जातो आणि कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. पेडल बॉक्स ताकद वाढवत नाही, तो फक्त तुमच्या पायाचा इशारा मोठा करून सांगतो. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही ज्या इंजिनाला त्याची गरज नाही तिथे फरक पाडत नाही. या सगळ्यावर जाणाऱ्या पैशांत मी चांगले टायर घेईन.

दोष आहे हे दिसतंय आणि दोन-तीन जॉब कार्डांनंतरही गाडी तशीच आहे, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच होते, आणि २०१९च्या कायद्याने ती तुम्ही राहता तिथेच करता येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीला शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४००. केरळच्या त्रिशूरमध्ये आयोगाने २०२२ साली जाहिरातीपेक्षा फारच कमी ॲव्हरेज देणाऱ्या गाडीच्या मालकाला भरपाई मंजूर केली, ती तज्ज्ञाने गाडी चालवून मोजलेल्या आकड्यावर. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि शोरूमशी चाललेल्या ईमेल-फोनांनी ती आपोआप वाढत नाही.