बंद कॅमेरा खुळखुळतो म्हणून पैसे मोजू नका

लग्नसराई उतरणीला लागली की बेळगाव, निपाणी, संकेश्वर पट्ट्यातले कॅमेरे सफाईला निघतात, आणि त्याच सुमारास हा डाव खेळला जातो. फोटोत काळे ठिपके येतात म्हणून गिऱ्हाईक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याची बॉडी घेऊन काउंटरवर येतं. दुकानदार लेन्स काढतो, टॉर्च मारून आत बघतो, कॅमेरा बंद करतो आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी धरून हलवतो. आतून खुळखुळ ऐकू येते. "ऐका की! आतलं सुटलंय बघा. आयबीआयएस गेलंय ह्याचं. नुसती सफाई करून काय उपयोग?" आयबीआयएस म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी बॉडीतली यंत्रणा. दीड हजारांचं काम तिथल्या तिथं अठरा हजारांवर जातं.

निपाणी भागातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं असे पैसे भरले. कॅमेरा सोनी ए सेव्हन थ्री, पावतीवर 'आयबीआयएस युनिट बदलले', आणि बॉडी संध्याकाळी हातात. ठिपके गेले होते, त्यामुळे काम झालं असंच वाटलं. घरी बंद कॅमेरा हलवला तर खुळखुळ जशीच्या तशी.

ती असणारच. बॉडीतल्या या स्टॅबिलायझरमध्ये फोटो टिपणारा सेन्सर एका सरकत्या प्लेटवर बसवलेला असतो. ही प्लेट चुंबक आणि तारेच्या कॉइलच्या जोरावर वर-खाली, डावी-उजवीकडे सरकते आणि स्वतःभोवती थोडी फिरतेही. वीज चालू असली की ती मधोमध धरून ठेवली जाते. वीज बंद केली की बऱ्याच मॉडेलांत प्लेट मोकळी होते आणि हलवल्यावर कडेला आपटते. पॅनासॉनिकच्या माहितीपुस्तिकेत तर हा आवाज बिघाड नव्हे असं छापलेलंच आहे. निकॉन झेड नाइनसारख्या काही बॉडींत बंद केल्यावर सेन्सर जागेवर अडकवणारं लॉक असतं. दुकानदार असा शांत कॅमेरा शेजारी हलवून दाखवतो आणि म्हणतो, "हा बघा चांगला, हा तुमचा." दोन वेगळ्या रचना शेजारी ठेवून केलेली तुलना आहे ती, तपासणी नव्हे.

खरा बिघाड चालू कॅमेऱ्यात दिसतो. चालू करताच व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थरथरतं किंवा झटके खातं, घरघर वाढते, स्क्रीनवर एररचा संदेश येतो, किंवा कॅमेरा सरळ धरूनही क्षितिज एका बाजूला कललेलं येतं. हलकी गुणगुण नेहमीचीच. खात्री करायची असेल तर ज्या लेन्समध्ये स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही अशी ५० मिमी लेन्स लावा, शटर १/१० सेकंद ठेवा, आणि हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरचे दहा फोटो स्टॅबिलायझर चालू ठेवून आणि दहा बंद करून काढा. यंत्रणा ठीक असेल तर पहिल्या दहातले आकडे ठळकपणे जास्त स्वच्छ येतील.

युनिट बदललं का, हे शोधायलाही उपाय आहे. प्रत्येक सेन्सरवर काही पिक्सेल जास्त तापतात आणि लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवलेल्या फोटोत, लाल, निळे, पांढरे ठिपके होऊन उमटतात. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, म्हणून तो सेन्सरच्या बोटाचा ठसाच. बॉडीची झाकणी लावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, ३० सेकंद, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. असा काळा फोटो कॅमेरा देण्याआधी एक आणि परत मिळाल्यावर एक काढायचा, आणि दोन्ही १०० टक्के मोठे करून शेजारी लावायचे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर आणि स्टॅबिलायझर एकाच जोडणीत येतात, त्यामुळे युनिट बदललं तर ठिपक्यांचा नकाशाही बदलला पाहिजे. मधे पिक्सेल मॅपिंग (असे पिक्सेल झाकणारा मेनूतला पर्याय) चालवलं असेल तर काही ठिपके गायब होतील, पण उरलेले जागा सोडणार नाहीत. निपाणीच्या फोटोग्राफरकडे रात्रीच्या आकाशाच्या जुन्या रॉ फाइली होत्या. त्यातले ठिपके नव्या काळ्या फोटोत त्याच जागी सापडले. काहीच बदललेलं नव्हतं. तसंही नवीन जोडणी बसवल्यावर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ती जुळवावी लागते, काउंटरमागं स्क्रू-ड्रायव्हर फिरवून भागत नाही.

याच काळ्या फोटोतले ठिपके दाखवून 'सेन्सर जळाला' म्हणणारेही भेटतात. तिकडं लक्ष देऊ नका.

धूळ आहे का, हे दुकानात जाण्याआधी घरीच बघा. आयएसओ १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ १६ किंवा २२ एवढं लहान, फोकस मॅन्युअल करून अनंतावर, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो जवळून, शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवत. भिंतीवरचे डाग पुसट होतील, सेन्सरवरची धूळ तेवढी ठळक राहील. एफ २.८ वर तीच धूळ दिसत नाही, म्हणून वापरलेला कॅमेरा विकणारा नमुन्याला नेहमी उघड्या ॲपर्चरचे फोटो दाखवतो. लेन्सवरची धूळ अशी टोकदार उमटत नाही. शंका आली तर लेन्स बदलून पुन्हा काढा. ठिपका फोटोत वर डावीकडे असेल तर समोरून सेन्सरकडे बघताना तो खाली डावीकडे सापडतो. डावं-उजवं तेच राहतं, वर-खाली उलटं होतं.

आता सफाई. सेन्सरला आपण हात लावतच नाही, त्याच्यावरच्या फिल्टरची काच पुसतो, आणि त्या काचेवर पातळ लेप असतो. बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि मेनूमधला सफाईचा पर्याय वापरा. सोनीमध्ये कॅमेरा आधी थरथरवून धूळ झटकतो आणि मग बंद करायला सांगतो. कॅननच्या आर मालिकेत 'हाताने सफाई' असा वेगळा पर्याय आहे. बंद केल्यावर शटरचा पडदा ओढून घेणारे कॅमेरे आता बरेच आहेत, आणि त्या पडद्याची पाती कागदासारखी असतात. म्हणून काही आत घालण्याआधी टॉर्च मारून बघा. काच असेल तर हिरवट-गुलाबी चमक दिसते, पडदा असेल तर नुसती काळपट पट्टी. काळपट दिसली तर तिथंच थांबा.

आधी रबरी ब्लोअर. बॉडीचं तोंड जमिनीकडे, ब्लोअरचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) बाहेर, चार-पाच जोरदार फुंका. तोंडानं फुंकलं तर थुंकीचे थेंब बसतात. डब्यातल्या दाबाच्या हवेतून कधी कधी द्रव उडतो आणि काचेवर डाग धरतो. आपल्याकडं ही पायरी विशेष महत्त्वाची. हळदीचे कार्यक्रम, सौंदत्तीच्या यल्लमाच्या जत्रेतला भंडारा, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची धूळ, खानापूरकडची तांबडी माती, सगळंच आत जातं. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो. न फुंकता ओला स्वॅब (काच पुसायची कापडी टोकाची दांडी) फिरवला की ठिपका जातो आणि पिवळट थर कडेपर्यंत पसरतो.

ब्लोअरनं भागलं नाही तरच स्वॅब. फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिमी रुंद, एपीएस-सीला (लहान सेन्सरला) १६ मिमी. कडेवर सेन्सरसाठीच्या द्रवाचे एक-दोन थेंब टाकून काही सेकंद जिरू द्या. सॅनिटायझर किंवा दवाखान्यातलं ७० टक्के स्पिरिट वापरलं तर वाळल्यावर पट्टे राहतात. लांब बाजूनं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच ओढ, स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूनं परत एक, आणि तो टाकून द्या. तोच पुन्हा फिरवला तर त्यात अडकलेला खडा काचेवर रेघ मारतो.

आयबीआयएसमुळं फरक पडतो तो दाबात. बंद कॅमेऱ्यात स्वॅब टेकला की प्लेट सरकते, आणि न सवयीचा माणूस ती धरायला जोर लावतो. सरकू द्या. स्वॅबची दांडी जेमतेम वाकेल एवढाच दाब पुरे. बोटानं प्लेट अडवणं, कोपऱ्यात स्वॅब खुपसून घासणं, यात प्लेट तिरकी होऊ शकते, आणि मग प्रत्येक फोटोत एक कोपरा धूसर. दुकानात कारागीर आधी ब्लोअर न मारता थेट स्वॅब काढतोय किंवा एकच स्वॅब दोन कॅमेऱ्यांना वापरतोय असं दिसलं, तर कॅमेरा उचलून बाहेर पडा.

बॉडी ठेवून यावीच लागली तर पावतीवर सीरियल नंबर, कामाचं नाव आणि ठरलेली रक्कम लिहून घ्या, आणि 'बदललेला भाग परत देणे' हे शब्द आग्रहानं घाला. फसवणूक झालीच तर पावती आणि दोन्ही काळे फोटो जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, त्यामुळे दुकान कोल्हापूरचं असलं तरी बेळगावकराला बेळगावातच दाद मागता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी कॅमेरा चालवणारा फोटोग्राफरही या कायद्यात ग्राहकच ठरतो, धंद्याची वस्तू म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.