ई-एससीआर: निकाल फुकट मिळतो, वाचायची रीत मात्र शिकावी लागते

नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू चालते का? यात्रेत बैलगाडा शर्यत भरवता येते का? गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या शाळेत मराठी सक्तीची करता येते का? तिन्ही प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आणि आपल्याला ते बहुतेक मथळ्यापुरतेच ठाऊक असतात. खरं तर मूळ निकालपत्र वाचायला आता खासगी डेटाबेसची वर्गणी भरावी लागत नाही. न्यायालयाची स्वतःची ई-एससीआर सेवा, म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ या अधिकृत निकाल-अहवालांची ऑनलाइन आवृत्ती, जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. लॉगिन लागत नाही, कॅप्चा तेवढा भरावा लागतो. जोडीला २०२४ मध्ये याच अहवालांचे खंड डिजिटल रूपात देणारं डिजी एससीआर आलं. सुरुवातीला त्यात १९५० पासूनचे ५१९ खंड होते, म्हणजे ३६,३०८ प्रकरणं.

सांस्कृतिक आणि भाषिक हक्कांसाठी ही सेवा कितपत उपयोगी, एवढ्याच अंगाने हे परीक्षण आहे.

शोध घेताना पहिली अडचण येते ती शब्दांची. अधिकृत मजकूर इंग्रजी, त्यामुळे ‘बैलगाडा’ टाकून फारसं काही हाती लागत नाही. इंग्रजीत ‘बुलक कार्ट रेस’ असं टाकावं. नुसतं ‘कल्चर’ टाकलंत तर निकालांचा ढीग समोर येतो. त्याऐवजी राज्यघटनेतला अनुच्छेद २९ (भाषा-संस्कृतीचं जतन) किंवा ३० (अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्था) घ्या, मग त्याच निकालांत दुसरा शब्द टाकून गाळणी लावा. न्यायमूर्तींची संख्या निवडायची सोय आहे, ती जरूर वापरा. पाच किंवा अधिक न्यायमूर्तींचे निकाल आधी काढले की पुढचं वाचन निम्म्यावर येतं. अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचं, हे २००२ च्या टी.एम.ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं. महाराष्ट्रातला गुजराती भाषक आणि कर्नाटकातला मराठी भाषक एकाच न्यायाने अल्पसंख्याक ठरतात ते यामुळेच.

सगळ्यात मोठी फसगत तारखेची. प्राण्यांच्या शर्यतींवर शोध घेतला की बैलगाडा शर्यतींवर बंदी घालणारा ७ मे २०१४ चा नागराज निकाल समोर येतो. वाचला की वाटतं, शर्यत संपली. पण नंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच जणांच्या घटनापीठाने ती वैध ठरवली (रिट याचिका २३/२०१६). पीडीएफ उघडल्यावर ‘हे आजही लागू आहे का’ याचं उत्तर त्या पानावर नसतं. म्हणून निकाल सापडला की त्याच्याच नावाने पुन्हा शोध घ्यायचा आणि नंतरच्या निकालांत त्याचा उल्लेख कसा आलाय ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, पण अनेक निवेदनं याच ठिकाणी आपटतात.

२०२३ च्या निकालाचा अर्थही बातम्यांनी अर्धाच सांगितला. ‘हा खेळ संस्कृतीचा भाग आहे’ असं न्यायालयाने स्वतः ठरवून दिलेलं नाही. ते ठरवणं विधिमंडळाचं काम, त्यात आम्ही पडणार नाही, असा त्याचा सूर आहे. शिवाय नियमांची काटेकोर अंमलबजावणी करायची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. आयोजकांनी खरं तर हाच भाग छापून खिशात ठेवावा.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरची उर्दू कायम ठेवणारा निकाल (१५ एप्रिल २०२५, २०२५ आयएनएससी ४८६) या सेवेचं सगळ्यात चांगलं उदाहरण. बातम्यांत गाजलं ते ‘भाषा म्हणजे धर्म नव्हे’ हे म्हणणं. ते सुंदर आहेच, पण प्रकरण उभं आहे ते रुक्ष कलमांवर. २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा मराठीचा वापर बंधनकारक करतो, मात्र मराठीसोबत दुसऱ्या भाषेत नाव लिहायला मनाई करत नाही. दुसरा मुद्दा प्रक्रियेचा. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ मधल्या दुरुस्तीनंतर ठरावाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचा मार्ग मुख्याधिकाऱ्यांचा, कोणाही सदस्याचा नव्हे. अशा वादात थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणाऱ्याने हा परिच्छेद आधी वाचायला हवा.

आता मराठी अनुवाद. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनी प्रादेशिक भाषांतले अनुवाद सुरू झाले तेव्हा हिंदीत १,०९१ निकाल होते, मराठीत १४. त्यानंतर भर पडत गेली आहे, तरी हवा तो निकाल मराठीत असेलच असं धरून चालू नका. अनुवादात ‘सुवास’ या यंत्रप्रणालीचा हातभार असतो. प्रत्येक अनुवादाखाली सूचना असते: हा मजकूर पक्षकाराला समजण्यापुरता, अंमलबजावणीसाठी इंग्रजीच प्रमाण. ही सूचना लोक वगळतात आणि मराठी परिच्छेद अर्जात डकवतात. तसं करू नये. मराठीतून समजून घ्या, उद्धृत इंग्रजीतून करा, परिच्छेद क्रमांकासह. विशेषतः शेवटचा आदेश दोन्हीत ताडून बघा. ‘फेटाळले’ आणि ‘निकाली काढले’ यांतला फरक अर्जाचं भवितव्य ठरवतो.

जुने निकाल वाचायला थोडा धीर लागतो, पण मोल मोठं. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं १९५४ चं प्रकरण उघडा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाच्या नसलेल्या नागरिकांच्या मुलांखेरीज कुणाला घेऊ नये, हा मुंबई सरकारचा आदेश अनुच्छेद २९(२) वर, म्हणजे भाषा, धर्म, वंश किंवा जात यावरून सरकारी वा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही या तरतुदीवर, टिकला नाही. माध्यमाच्या वादात आजही हा निकाल कामाला येतो.

इथे काय नाही तेही सांगायला हवं. उच्च न्यायालयांचे निकाल वेगळ्या ई-कोर्ट्स पोर्टलवर आहेत. त्यामुळे नागपूर खंडपीठाने पातूर प्रकरणात काय म्हटलं ते तिकडे शोधावं लागतं. रोजचे अंतरिम आदेश अहवालात नसतात. ते न्यायालयाच्या मुख्य संकेतस्थळावर डायरी क्रमांक किंवा खटला क्रमांक टाकून मिळतात. शर्यतीला अंतरिम परवानगी मिळाल्याची तारीख, १६ डिसेंबर २०२१, हवी असेल तर तिकडेच जायचं.

शोधयंत्र म्हणून पाचपैकी चार. मराठी वाचकाची सोय म्हणून अजून अडीचच. वकिलाकडे जाण्याआधी निकालाचा क्रमांक, तारीख आणि तीन-चार परिच्छेद हातात असले की पहिली भेट नुसती प्रकरण सांगण्यात जात नाही.