ऐरोलीचा ‘मॉडेलर’ आणि माझे २६,४४० रुपये

किट, एअरब्रश, कॉम्प्रेसर असा ‘सगळा लॉट काढतोय’ म्हणून कुणाचा मेसेज आला तर ठाणे-नवी मुंबईतल्या, प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडून रंगवणाऱ्या मॉडेलवाल्यांनी आधी हे वाचा. माझे २६,४४० रुपये गेलेत. ५,००० टोकन, मग १८,५०० आणि वर २,९४० ‘इन्शुरन्स, माल मिळाला की परत’.

आधी पैसे घ्यायचे आणि माल पाठवायचाच नाही, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होती. पण लॉट विकणाऱ्या ऐरोलीच्या या माणसाला काम येत होतं. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, त्यावर ॲक्रिलिकचा हिरवा, मग ओल्या ब्रशने घासून टवके उडवायचे, हे तो हात बसलेल्या माणसासारखं सांगायचा. वॉशच्या, म्हणजे खाचांत उतरणाऱ्या पातळ गडद रंगाच्या, आधी ग्लॉस वार्निश का मारायचं, तेही. आधी त्याच्याकडून ६५० रुपयांची पिगमेंट (मॉडेलवर धूळ-गंज दाखवायची पूड) घेतली होती, ती नीट पॅक होऊन घरी आली होती. मग संशय घ्यायचा तरी कशावरून?

लॉटमध्ये सेंच्युरियन रणगाड्याचं १/३५ मापाचं किट होतं. डिसेंबर १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे अरुण खेत्रपाल ज्यात लढता लढता गेले, तो ‘फॅमागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन करायचं माझ्या मनात कधीचं आहे. किट बाहेरून मागवलं की कस्टम आणि कुरिअर धरून भाव कुठल्या कुठे जातो. इथे अख्खा लॉट ३२,००० ला. कोणीही हो म्हणालं असतं.

आणि तो फोटो! आठवला की अजून डोकं फिरतं. लॉटमधल्या टी-५५ रणगाड्याची चाकं जवळून दाखवा म्हटलं. टी-५५ ला एका बाजूला पाच चाकं आणि मोठी फट पहिल्या-दुसऱ्या चाकामध्ये. आलेल्या फोटोत पुढची तीन चाकं जवळजवळ आणि फटी मागे. म्हणजे टी-६२, दुसराच रणगाडा! आदल्या दिवशीच्या फोटोत मात्र खराखुरा टी-५५ होता. मी विचारलंही. “दादा, तो शेल्फवरचा दुसरा. उद्या काढून पाठवतो. पनवेलचे एक जण आत्ता पैसे टाकतायत, तुमच्यासाठी थांबवलंय.” आपल्या सगळ्यांच्या घरात अर्धवट रणगाडे पडलेले असतातच, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. त्याच रात्री १८,५०० गेले.

ठाण्याहून ऐरोली लोकलने दोनच स्टेशनं. जाऊन बघायला हवं होतं असं आता सगळे ऐकवतात. आई ॲडमिट आहे म्हणणाऱ्याच्या दारात माल बघायला जाऊन उभं राहायचं का? तुम्ही मात्र राहा. आई ॲडमिट असली तरी राहा. व्हिडिओ कॉलवर बॉक्स उघडून स्प्रू (सुटे भाग लागलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) दाखवायला सांगा, टाळाटाळ झाली की विषय संपला.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ठाण्यातले पोलीस म्हणाले, माणूस ऐरोलीचा, तिकडे जा. तिकडे गेलो तर, पैसे ठाण्यातून गेले, तिकडेच करा. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घेता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे त्यासाठी. ते सांगितलं तर साहेब म्हणाले, “आम्हाला कायदा शिकवू नका.” दुसऱ्याने विचारलं, “खेळण्यातल्या रणगाड्यासाठी एवढे पैसे?” मी कशावर खर्च करतो याच्याशी त्यांचा संबंध काय? सोनं घेताना फसलो असतो तर हाच प्रश्न विचारला असता का? चोराचा नंबर, यूपीआय आयडी, खात्यावरचं नाव, सगळं प्रिंट काढून नेलं होतं. कागद उलटूनसुद्धा पाहिले नाहीत. पैसे गेले की त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, बँकेच्या उत्तराची वाट बघू नका. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडले तरच काही हाती लागतं. मी सकाळपर्यंत थांबलो, कारण कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर देतो म्हणाला होता.

परवा तोच टी-६२ चा फोटो पुन्हा दिसला. आता नाव वेगळं, गाव कल्याण आणि लॉटची किंमत २९,०००. खाली तिघांनी ‘इंटरेस्टेड’ लिहिलं होतं. तिघांनाही मी मेसेज केलाय. एकाने टोकन आधीच दिलंय.