एलकॅक होवरक्राफ्ट: डेक झकास, पण वजनाला वाव कमी

एलकॅक ही अमेरिकी नौदलाची, हवेच्या गादीवर तरंगत मोठ्या जहाजातून किनाऱ्यावर गाड्या नेणारी नौका. तिची क्षमता सगळीकडे ६० टन अशी छापलेली असते. हे टन अमेरिकी, म्हणजे ९०७ किलोचे. आपल्या हिशेबाने जेमतेम ५४ टन भरतात. आणि एम१ए१ रणगाडाच ५७ टनांच्या आसपास जातो. म्हणजे एक रणगाडा चढला की नौका थेट ओव्हरलोडमध्ये. ती मर्यादा ७५ अमेरिकी टनांची, साधारण ६८ मेट्रिक टन. त्यात हवा तापली की गॅस टर्बाइनची ताकद उतरते आणि हा वाव आणखी आक्रसतो.

डेक मात्र फार विचार करून आखलाय. सुमारे २० मीटर लांब, ८ मीटर रुंद, वरून उघडा. इंजिनं, पंखे आणि केबिन दोन्ही कडांना सारल्यामुळे मधली वाट पूर्ण मोकळी. पुढचा रॅम्प जवळपास ९ मीटर रुंद. मागचा निम्माच, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना प्रोपेलर आहेत. गाडी एका टोकाने चढते, दुसऱ्या टोकाने उतरते. वाळूत रिव्हर्स घेण्याची कटकट नाही, आणि किनाऱ्यावर वाचलेलं एकेक मिनिट इथे मोलाचं असतं.

लोडिंगला घाई चालत नाही. कुशनची, म्हणजे तळाखालच्या गादीची, हवा सोडून नौका बसवायची, मग रॅम्प टाकायचा. वजन कागदावरचं धरायचं नाही. इंधन, पाणी, दारूगोळा भरलेल्या गाडीचं धरायचं. गुरुत्वमध्य ठरलेल्या पट्ट्यातच यायला हवा. हँडब्रेक ओढून साखळ्या चारही कोपऱ्यांतून तिरप्या, पुढे-मागे दोन्हीकडे ताण येईल अशा आवळायच्या. भार पुढे सरकला तर वेगात असताना पुढचा स्कर्ट (हवेची गादी धरून ठेवणारा लवचीक घेर) पाण्यात आत दुमडतो, नाक खाली जातं आणि नौकेला खाडकन ब्रेक लागल्यासारखं होतं. अशा वेळी सैल साखळी म्हणजे अपघातच.

उघड्या डेकची किंमत गाड्या मोजतात: खारे तुषार आणि वाळू थेट त्यांच्यावर. माणसांना प्रवासात तिथे थांबता येत नाही. बाजूच्या केबिनमध्ये दोनेक डझन मावतात. जास्त सैनिक न्यायचे तर डेकवर बंद मॉड्यूल बसवावं लागतं, मग गाड्यांना जागा उरत नाही.

रशियन होवरक्राफ्ट झुब्र दीडशे टन, म्हणजे तीन रणगाडे नेते, तेही बंद डेकवर. पण ५७ मीटरचं हे धूड जहाजाच्या पोटात शिरत नाही. एलकॅक शिरते, अमेरिकी नौदलाच्या व्हिडबी आयलंड वर्गाच्या जहाजात तर चार मावतात. दूरच्या किनाऱ्यावर उतरायचं तर निवड एलकॅकचीच. (आपल्या तटरक्षक दलाच्या होवरक्राफ्टशी तुलना नको, त्या गस्तीसाठी आहेत.)

२०२० पासून दाखल होणारी नवी आवृत्ती ७४ अमेरिकी टनांसाठीच बांधलेली आहे, त्यामुळे रणगाड्याची अडचण मिटते. पण बाहेरचं माप जुनंच ठेवलंय, कारण जहाजांची पोटं तीच. त्यामुळे बिनचिलखती हम्वीसारख्या हलक्या गाड्यांना फायदा नाही: डझनभर चढल्या की जागा संपते, वजन मात्र शिल्लकच राहतं.