‘डोन्ट गिव्ह अप ऑन मी’ : सात महिन्यांच्या श्रवणानंतर

अमेरिकन गायक सॉलोमन बर्क यांचा २००२ सालचा ‘डोन्ट गिव्ह अप ऑन मी’ हा अल्बम गेले सात महिने मी जवळजवळ रोज रात्री ऐकत आले आहे. पहिल्या दिवशी माझी निराशा झाली होती, कारण साठच्या दशकात ‘क्राय टू मी’ गाणारा आणि लहानपणापासून चर्चमध्ये प्रवचने देऊन कसलेला तो भरदार आवाज येथे आरंभापासूनच घुमेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शीर्षकगीतात तो हलक्या स्वरात आर्जव करतो. डॅन पेन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लिहिलेल्या या गाण्यात साठी ओलांडलेला गायक एवढेच मागतो, की मी कुठे कमी पडलो तरी माझी आशा सोडू नकोस. छप्पर दणाणून सोडू शकणारा माणूस आवाज आवरून धरतो, तेव्हा त्या विनवणीला केवढे वजन येते, हे मला दुसऱ्या महिन्यात उमगले.

निर्माते जो हेन्री यांनी सर्व वादकांना एकत्र बसवून अवघ्या चार दिवसांत हे ध्वनिमुद्रण केले. बर्क यांच्याच चर्चमधील अंध वादक रूडी कोपलँड यांचा ऑर्गन आवाजाच्या मागे मंद तेवत राहतो आणि गायक थांबला की हळूच पुढे येतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे सारे सपाट होते. हेडफोनवर मात्र ओळीपूर्वी घेतलेला श्वासही ऐकू येतो.

बॉब डिलन, व्हॅन मॉरिसन, ब्रायन विल्सन अशा दिग्गजांची गाणी येथे आहेत, पण सगळीच सारखी उतरलेली नाहीत. डिलन यांचे ‘स्टेपचाइल्ड’ मला अजूनही परके वाटते. टॉम वेट्स आणि कॅथलीन ब्रेनन यांचे ‘डायमंड इन युअर माइंड’ मात्र दर महिन्याला अधिक जवळचे होत गेले. काहीही झाले तरी मनात एक हिरा जपून ठेव, हे सांगताना बर्क कुठेही उपदेशकी होत नाहीत. ‘नन ऑफ अस आर फ्री’मध्ये ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ हा भक्तिगीते गाणारा गायकसमूह साथीला येतो आणि एवढा वेळ आवरलेला आवाज तेथे मोकळा सुटतो.

या अल्बमला पुढे ग्रॅमी मिळाले. नव्याने ऐकणाऱ्यांनी पहिले गाणे संपताच पुढे जाण्याची घाई करू नये. मी आजही बहुधा तेच पुन्हा लावते.