९०२३ म्हणे! खेळण्यांच्या कोडात माझे ५,२५,८०० गेले

तुळशीबागेत २१ वर्षं खेळणी विकतोय. गिऱ्हाईक घेणार की नुसतं हाताळून जाणार, ते लांबून ओळखतो. तरी मला गंडवलं, तेही कस्टमच्या एका आठ आकडी कोडावर. आयात मालावर ड्युटी किती, ते त्या कोडावरून ठरतं.

माल चीनहून मागवला होता, लाकडी ठोकळे नि पझल, ४,२०,०००चा. खेळण्यांचा कोड सुरू होतो ९५०३नं. बेसिक ड्युटी ७० टक्के (२०२०च्या आधी २० होती!), वर २०२१पासून बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा. कन्सल्टंट म्हणाला, "काका, खेळणी म्हणायचंच कशाला? शैक्षणिक साहित्य दाखवू, ९०२३. १० टक्के, बीआयएसची कटकट नाही." फी ३८,५००. सोबत अ‍ॅडव्हान्स रूलिंगची, म्हणजे कुठला माल कुठल्या कोडात याच्या आगाऊ सरकारी निर्णयाची, एक पीडीएफ.

तिथेच उठायला हवं होतं. पीडीएफवर नाव दुसऱ्याच कंपनीचं. रूलिंग ज्यानं मागितलं त्याच्यापुरतंच असतं, हे मला आता कळतंय. ९०२३मध्ये तर चक्क लिहिलंय की वस्तू दुसऱ्या वापराला अयोग्य हवी. आणि माझ्या खोक्यावर? दोन पोरं फतकल मारून मनोरा रचतायत, खाली 'वय ३+'. ते सॅम्पल पंधरा दिवस गल्ल्याशेजारी पडून होतं. बायको म्हणालीही, "हे खेळणं नाही तर काय?" मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं.

मी अडाणी नाही, बारावी कॉमर्स आहे. पण 'पहिले सहा आकडे जगभर सारखे, शेवटचे दोन आपले' असं कुणी धडाधडा बोललं की माणूस जाणकारच वाटतो. तुम्हालाही वाटला असता.

बंदरात साहेबानं खोकं उलटं केलं नि हसला. माल जप्त. गोदामभाडं ६७,३००. दंडाची नोटीस वेगळी, ती यात धरलेली नाही. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमला दिलेल्या आयातीच्या कागदावर, फर्म माझी, डिक्लेरेशन माझं, त्या कन्सल्टंटचं नाव कुठंच नाही. आधी ते बघा, मग फी द्या.

कस्टमच्या खिडकीवर उत्तर एकच: "सेल्फ असेसमेंट आहे, जबाबदारी तुमची." मग तो टॅरिफ, ती कोड नि ड्युटीची यादी, माणसाला वाचता येईल अशी छापा ना! चौकीत म्हणाले, दिवाणी मामला. दुसऱ्या चौकीत, पैसे ऑनलाइन दिले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पावती आहे, काम झालंय, फसवणूक कसली? तीन रजिस्टरांत नाव लिहून आलो, तक्रार एकातही नाही. रूलिंग सरकारी साइटवर फुकट बघता येतात, एवढं तरी कुणी आधी सांगायचं!

त्या कन्सल्टंटचा फोन अजून लागतो. परवा उचललाही. "काका, अपिलात जाऊ. फी फक्त २५,०००."